सिनेमाला पैसा आहे, त्यावर बोलायला नाही

1994 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात एका ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने एका ऑस्ट्रेलियन समीक्षकाच्या अंगावर वाइन फेकली. दिग्दर्शक जेफ्री राइट, समीक्षक डेव्हिड स्ट्रॅटन. राग दोन वर्षं जुना होता. राइटचा 'रोम्पर स्टॉम्पर' हा मेलबर्नच्या फुट्सक्रे भागातल्या निओ-नाझी पोरांवरचा सिनेमा, आणि त्यात टोळीचा म्होरक्या झालेला तरुण रसेल क्रो. स्ट्रॅटन यांनी टीव्हीवर या सिनेमाला तारे द्यायलाच नकार दिला. एक नाही, अर्धा नाही, शून्यसुद्धा नाही. सिनेमा धोकादायक आहे, मी तो मोजणार नाही, असा पवित्रा. शेजारच्या खुर्चीतल्या मार्गारेट पॉमरन्झ यांना तोच सिनेमा आवडला होता आणि त्यांनी तसं तिथल्या तिथे सांगितलं.

मला स्वतःला 'रोम्पर स्टॉम्पर'बद्दल स्ट्रॅटन यांचं म्हणणं पटत नाही. पण सिनेमावर कुणी चार वाक्यं बोलावीत, ती दिग्दर्शकाला दोन वर्षं झोंबत राहावीत आणि अर्धी पृथ्वी ओलांडून गेल्यावर त्याने तो हिशेब चुकता करावा, याचा मला हेवा वाटतो. आज ऑस्ट्रेलियात सिनेमावाले आणि समीक्षक एकमेकांना भेटतात तेव्हा ग्लास हातातच राहतात. भांडण मिटलंय म्हणावं तर तसंही नाही. भांडणाची जागाच उरलेली नाही.

मेलबर्नला येऊन मला पंधरा वर्षं झाली. इथला सिनेमा मी आधी पाहिला नाही, आधी त्याच्याबद्दल ऐकला. आल्या-आल्या घरात टीव्हीवर दोन माणसं भांडताना दिसायची: मोठाल्या कानातल्यांच्या, खळखळून हसणाऱ्या मार्गारेट आणि शाळामास्तरासारखे नीटनेटके डेव्हिड. 1986 ते 2004 एसबीएस आणि मग 2014 च्या डिसेंबरपर्यंत एबीसी या सार्वजनिक वाहिन्यांवर, म्हणजे अठ्ठावीस वर्षं ही जोडी दर आठवड्याला सिनेमांवर बोलली. माझ्यासारख्या नव्याने आलेल्याला इथल्या लोकांचे उच्चार कळायचे नाहीत, विनोद कळायचे नाहीत. पण दोन शहाणी माणसं एका गोष्टीवर असहमत होऊनही पुढच्या आठवड्यात पुन्हा शेजारी बसतात, एवढं कळायचं. 2014 नंतर राष्ट्रीय टीव्हीवर त्या तोडीचा साप्ताहिक कार्यक्रम पुन्हा उभा राहिला नाही. त्याआधी 2001 मध्ये 'सिनेमा पेपर्स' हे मासिक बंद पडलं होतं. 1974 पासून ऑस्ट्रेलियन सिनेमाची बरीवाईट सगळी दखल त्याने घेतली होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये स्ट्रॅटन गेले, तेव्हा श्रद्धांजलीचे लेख भरभरून आले. ती खुर्ची मात्र तोवर जवळपास अकरा वर्षं रिकामीच होती.

ऑस्ट्रेलियाचं सरकार सिनेमा बनवायला सढळ हाताने पैसा देतं आणि त्या सिनेमावर विचार करून लिहिणाऱ्यांना वाऱ्यावर सोडतं, हे मला चुकीचं वाटतं. समीक्षकांची कणव येऊन मी हे म्हणत नाहीये. सिनेमा जनतेच्या पैशावर उभा राहत असेल, तर त्याचा जमाखर्च कुणीतरी मांडायला हवा. तिकीटविक्रीचे आकडे म्हणजे जमाखर्च नव्हे.

पैशाची गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच फुटतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीस वर्षं ऑस्ट्रेलियात स्वतःचा सिनेमा जवळपास नव्हताच. थिएटरं होती, प्रेक्षक होते, पडद्यावर हॉलिवूड आणि लंडन होतं. 1970 साली जॉन गॉर्टन पंतप्रधान असताना सरकारने पहिल्यांदा हात सैल सोडला. 1973 मध्ये राष्ट्रीय फिल्म स्कूल, 1975 मध्ये ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशन. 1981 मध्ये आयकर कायद्यात '10बीए' नावाचं कलम आलं: सिनेमात शंभर डॉलर घाला आणि करपात्र उत्पन्नातून दीडशे वजा करा. मग काय, दंतवैद्य आणि वकील रातोरात निर्माते झाले. सिनेमे धडाधड निघाले, आणि त्यातले कितीतरी कुणी पाहिलेही नाहीत. सवलत पुढे टप्प्याटप्प्याने कापली गेली. आजची रचना जरा शिस्तीची आहे: थिएटरमध्ये लागणाऱ्या पात्र सिनेमाच्या ऑस्ट्रेलियातल्या खर्चाचे 40 टक्के निर्मात्याला करव्यवस्थेतून परत मिळतात. त्याशिवाय 2008 पासून काम करणारी 'स्क्रीन ऑस्ट्रेलिया' ही संस्था थेट पैसे घालते, आणि राज्यांच्या संस्था वेगळ्या.

मला याबद्दल तक्रार नाही. पावणेतीन कोटींच्या आसपास वस्तीचा, त्यातही इंग्रजी बोलणारा देश. हॉलिवूडची भाषा तीच. दाराला कडीच नाही. सरकारने पैसा घातला नसता तर इथे सिनेमा उरला नसता. पण सरकारी पैसा आला की त्याच्यामागून एक चमत्कारिक शिष्टाचार येतो. सिनेमा 'आपला' होतो. आणि आपल्याबद्दल सांभाळून लिहायचं असतं.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. अनुदान, प्राइम टाइमचे खेळ, 'मराठी सिनेमा जगला पाहिजे', आणि मग परीक्षणात 'एकदा पाहायला हरकत नाही' हे वाक्य. ही सगळी साखळी आपण ओळखतो. ऑस्ट्रेलियात तिची इंग्रजी आवृत्ती चालते. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. इथे ते खरोखरच शेजारी असतं: समीक्षक, दिग्दर्शक, निधी देणाऱ्या समितीवरचा माणूस आणि फिल्म स्कूलचा प्राध्यापक एकाच ट्रॅमने घरी जातात, पुष्कळदा ते सगळे एकच असतात. परखड लिहायचं तर पुढच्या समारंभात त्याच माणसासमोर चीजचा तुकडा उचलायची तयारी ठेवावी लागते.

तरीही इथे परखड लिहिलं गेलंय, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी सिनेमाचं भलंच केलं. सुझन डर्मडी आणि एलिझाबेथ जाका या दोन अभ्यासक बायकांनी 1987-88 मध्ये ऑस्ट्रेलियन सिनेमावर दोन खंड लिहिले. त्यात त्यांनी एक नाव रूढ केलं: 'एएफसी जॉनर'. म्हणजे फिल्म कमिशनच्या आवडीचा सिनेमा. जुना काळ, इस्तरीच्या कपड्यातली सभ्य माणसं, सोनेरी ऊन, कथानकात फारशी घाई नाही, आणि शेवटी एक हळवी हुरहूर. परदेशात दाखवायला उत्तम, घरात कुणाला बोचत नाही. पैसे देणाऱ्याच्या आवडीतून एक अख्खी शैली जन्माला येते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एकदा ते नाव वाचलं की पांढऱ्या मलमलीतल्या मुली पडद्यावर आल्या आल्या ओठावर हसू येतं. त्या हसण्यामुळे पुढच्या समितीला तोच प्रस्ताव पुन्हा मंजूर करणं थोडं अवघड होतं. समीक्षेचं काम मी यालाच म्हणतो.

पांढऱ्या मलमलीचा विषय निघालाच आहे तर 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'वर थांबतो. पीटर वेअरचा 1975 चा हा सिनेमा मला अजूनही भुरळ घालतो, हे आधीच कबूल करतो. 1900 सालचा व्हॅलेंटाइन डे, मुलींच्या बोर्डिंग शाळेची सहल, आणि खडकांच्या पोटात तीन विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका नाहीशा होतात. गोष्ट जोन लिंडसे यांच्या 1967 च्या कादंबरीतली, काल्पनिक. पण मेलबर्नहून तासाभरावर असलेल्या त्या खडकावर तुम्ही गेलात, तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'मिरांडाऽऽ' अशी हाक मारतं. मीही मारली आहे. पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं, डब्यातला उपमा खायचा, आणि वर चढून नाहीशा झालेल्या मुलीला हाक मारायची, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम होता.

2017 मध्ये एमी स्पायर्स या कलाकार बाईने एक मोहीम काढली: 'मिरांडा मस्ट गो'. मिरांडाने आता जावं. त्यांचं म्हणणं साधं होतं. या खडकावर कधीच न हरवलेल्या एका गोऱ्या मुलीसाठी आपण पन्नास वर्षं हाका मारतोय. आणि जे खरोखर नाहीसे केले गेले, ज्या आदिवासी लोकांची ही जागा होती, जिथे त्यांचे मेळे आणि विधी व्हायचे, त्यांना कुणी हाक मारत नाही. अनेकांना हा आगाऊपणा वाटला. मलाही पहिल्यांदा चीडच आली. आवडत्या सिनेमाच्या मध्ये कुणी उभं राहिल्यावर येते तशी. पण पुढच्या वेळी खडकावर गेलो तेव्हा तोंड उघडलं आणि हाक आली नाही. सिनेमा अजून तितकाच सुंदर वाटतो. फक्त त्यातल्या रिकाम्या निसर्गाकडे पाहताना आता तो रिकामा का आहे, असा प्रश्न पडतो. एका मोहिमेने, म्हणजे एका समीक्षेने, माझा चाळीसेक वर्षं जुना सिनेमा मला नवा करून दिला.

समीक्षक चुकतात, हा आक्षेप लगेच येईल. चुकतातच. 1979 साली 'मॅड मॅक्स' आला तेव्हा स्तंभलेखक फिलिप ॲडम्स यांनी 'द बुलेटिन'मध्ये त्याच्यावर असा काही हल्ला चढवला की तो लेख सिनेमाइतकाच गाजला. हिंसेचा बाजार मांडलाय, असा एकूण सूर. गंमत अशी की सरकारने सिनेमाला पैसा द्यावा म्हणून सत्तरच्या सुमारास जी मंडळी पंतप्रधानांच्या कानाशी लागली होती, त्यांत ॲडम्स पुढे होते. आणि 'मॅड मॅक्स' सरकारचा एक पैसाही न घेता बनला होता. जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर. त्याने आणि बायरन केनेडीने खासगी पैसे जमवून मेलबर्नच्या बाहेरच्या रस्त्यांवर गाड्या आपटल्या. अमेरिकेत तो सिनेमा लागला तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चार कळणार नाहीत म्हणून मेल गिब्सनलासुद्धा अमेरिकन आवाज चिकटवला होता. पुढे त्याच मालिकेतल्या 'फ्युरी रोड'ने 2016 मध्ये सहा ऑस्कर नेले. (तो वाळवंटी सिनेमा शेवटी नामिबियात चित्रित झाला, कारण ब्रोकन हिलच्या ओसाड माळावर नेमका पाऊस पडून फुलं उगवली होती. निसर्गालाही विनोद कळतो.)

ॲडम्स चुकले. पण त्यांचा लेख आज वाचला की 1979 च्या ऑस्ट्रेलियातल्या सुशिक्षित माणसाला आपल्याच रस्त्यांची, आपल्याच पोरांची किती भीती वाटत होती ते कळतं. 'छान छायाचित्रण, संगीत ठीक' असं लिहिणारा त्या वर्षीचा परीक्षकही कदाचित बरोबर असेल, पण त्याचं लेखन कुणाला आठवत नाही. स्ट्रॅटनही चुकले: 1997 च्या 'द कॅसल'ला त्यांनी नाकं मुरडली आणि नंतर जाहीरपणे मत बदललं. चुकीचं मत जाहीर मांडणं आणि ते जाहीर बदलणं, दोन्ही करायला आधी जागा लागते.

'द कॅसल'चं एक दृश्य बघा. मेलबर्नच्या विमानतळाला खेटून केरिगन कुटुंबाचं बेंगरूळ घर, डोक्यावरून विमानं जातात, विजेचे टॉवर अंगणात आहेत, आणि बापाला ते महालासारखं वाटतं. विमानतळाला जागा हवी म्हणून नोटीस येते. बाप म्हणतो, आदिवासींना कसं वाटतं ते मला आता कळायला लागलंय. थिएटरात हशा. 1992 मध्ये माबो खटल्यात हाय कोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला. 1996 च्या अखेरीस त्याच हक्कावरच्या विक खटल्याचा निकाल लागला आणि देशभर भीती उठली की आता आमच्या परसातली जमीन जाते की काय. त्याच हंगामात एक विनोदी सिनेमा येतो, त्यात जमीन गमावण्याची पाळी एका प्रेमळ गोऱ्या कुटुंबावर येते, आणि घटनेच्या आधारावर ते जिंकतं. बापाचं ते वाक्य सहानुभूतीचं आहे की दुसऱ्याचं दुःख उसनं घेण्याचं? मी दोनदा हसलो आणि तिसऱ्यांदा अडलो. मला अजून उत्तर मिळालेलं नाही, पण हा प्रश्न मला सिनेमाने विचारला नव्हता. माबोनंतरच्या ऑस्ट्रेलियन सिनेमावर फेलिसिटी कॉलिन्स आणि थेरेस डेव्हिस यांनी 2004 मध्ये पुस्तक लिहिलं, तशा लेखनाने तो विचारायला शिकवलं.

आता माझ्या मुद्द्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट. 1955 साली चार्ल्स शोव्हेल यांचा 'जेडा' आला. ऑस्ट्रेलियात बनलेला पहिला रंगीत कथापट, आणि मुख्य भूमिकांत दोन आदिवासी कलाकार: रोझली कुनोथ आणि रॉबर्ट टुडावाली. रंगीत फिल्म धुवायला इंग्लंडला पाठवावी लागे. शेवटच्या भागाच्या निगेटिव्ह नेणारं विमान कोसळलं आणि शेवट पुन्हा सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये चित्रित करावा लागला. जानेवारीत डार्विनच्या थिएटरात पहिला खेळ झाला, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांसोबत बसायची मुभा आदिवासींपैकी फक्त या दोघांना होती. पडद्यावर त्यांचेच चेहरे होते आणि त्यांच्या माणसांना आत जागा नव्हती.

कथा अशी: गुरांच्या मोठ्या वाडीवर एक गोरी बाई आपलं मूल दगावल्यावर एका आदिवासी तान्ह्या मुलीला वाढवते. मुलगी मोठी होते, पियानो शिकते, आणि 'रानटी' मारबक तिला पळवून नेतो. मारबकने स्वतःच्या टोळीचा विवाहनियम मोडलाय, म्हणून टोळीच त्याला शाप देते. वेड लागून तो जेडासकट कड्यावरून खाली जातो. गोरे लोक हळहळतात.

1993 मध्ये मार्शा लँग्टन या आदिवासी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आदिवासींवरच्या आणि आदिवासींच्या सिनेमांविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं आणि 'जेडा'चा हा शेवट उकलून दाखवला. बंडखोर काळ्या माणसाला गोऱ्यांच्या सत्तेने मारलं, असा खरा इतिहास. सिनेमात मात्र त्याला त्याच्याच लोकांचा कायदा मारतो, आणि वसाहतवाल्यांचे हात धुतलेले राहतात. लँग्टन एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी म्हटलं की बहुतेक ऑस्ट्रेलियन माणसांचं नातं आदिवासींशी नसतंच. त्यांचं नातं असतं ते आधीच्या वसाहतवाल्यांनी आदिवासींबद्दल रचून ठेवलेल्या गोष्टींशी. म्हणजे पडद्यावरचा आदिवासी हा गोऱ्या माणसाने गोऱ्या माणसाला सांगितलेला निरोप. आणि त्याच बरोबर त्यांनी भाबड्या समजुतीलाही चिमटा काढला की कॅमेरा आदिवासीच्या हातात दिला म्हणजे आपोआप खरं चित्र येतं.

लँग्टन फक्त टेबलाशी बसून लिहीत नव्हत्या. ट्रेसी मॉफट यांनी 1990 मध्ये 'जेडा'ला एका लघुपटाने उत्तर दिलं, 'नाइट क्राइज'. त्यात जेडा मेलेली नाही. ती मध्यमवयीन झालीय, रंगवलेल्या लाल वाळवंटाच्या सेटवर राहते, आणि मरणाला टेकलेल्या गोऱ्या आईला भरवते, धुते-पुसते, चाकाच्या खुर्चीवरून बाहेर नेते. संवाद जवळजवळ नाहीतच. श्वास, भांड्यांचे आवाज. त्या मुलीचं काम लँग्टन यांनी केलंय. गोऱ्या म्हातारीची सेवा करताना तिच्या चेहऱ्यावर जे थकलेलं प्रेम आणि जो दाबलेला संताप एकदम दिसतो, त्याला मी तरी समीक्षाच म्हणेन.

आणि आता लँग्टन यांचं ते पुस्तक छापलं कुणी ते ऐका. ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशनने. ज्या संस्थेने सिनेमांना पैसे द्यायचे, तिनेच देशातल्या सिनेमाची चिरफाड करायला एका कठोर लेखिकेला पैसे दिले आणि ती चिरफाड जशीच्या तशी छापली. त्याच वर्षी कमिशनमध्ये आदिवासी निर्मात्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. 1996 मध्ये त्याच्या मदतीने सहा लघुपटांची मालिका आली. त्यातला एक वॉरिक थॉर्नटन यांचा. 2009 मध्ये त्याच थॉर्नटन यांच्या 'सॅमसन अँड डिलायला'ला कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं कॅमेरा डी'ऑर मिळालं. एका पुस्तकाने हे सगळं घडवलं असं म्हणणं बाष्कळपणा होईल. थॉर्नटन ॲलिस स्प्रिंग्जच्या 'कामा' या आदिवासी माध्यमसंस्थेत कॅमेरा शिकले, ती 1980 पासून काम करत होती, आणि त्यांच्यामागे कितीतरी लोकांचा झगडा होता. पण विचार आणि पैसा एकाच टेबलावर बसले की काय होतं याचा हा धडधडीत दाखला आहे.

सरकारी पैसा घेणारा समीक्षक सरकारचा भाट होतो, असं मला सांगितलं जातं तेव्हा मी हाच दाखला देतो. मार्गारेट आणि डेव्हिड अठ्ठावीस वर्षं सार्वजनिक वाहिन्यांवरच बोलले, आणि भाटगिरी हा काही त्यांच्यावरचा आरोप नव्हता. 2003 मध्ये सेन्सॉर मंडळाने 'केन पार्क'ला मनाई केली, तेव्हा तो सिनेमा सिडनीतल्या बॅलमेनच्या टाउन हॉलमध्ये जाहीरपणे दाखवायला निघालेल्यांत मार्गारेट पुढे होत्या. पोलिसांनी येऊन खेळ थांबवला. आणखी मागे जायचं तर एरिक मायकल्स हा अमेरिकन अभ्यासक. 1982 मध्ये एका सरकारी संशोधनसंस्थेने त्याला नेमलं ते दूरच्या आदिवासी वस्त्यांवर टीव्हीचा काय परिणाम होईल ते पाहायला. तो ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला तीनेकशे किलोमीटरवर युएंडुमूला गेला, आणि वार्लपिरी लोक स्वतःचा टीव्ही कसा बनवतात यावर लिहून आला. कोण काय दाखवू शकतं, कुणाला काय पाहायचा हक्क आहे, माणूस गेल्यावर त्याच्या चित्राचं काय करायचं, याचे त्यांचे नियम होते. आज इथल्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला एक पाटी येते: यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात, आदिवासी आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या प्रेक्षकांनी लक्षात घ्यावं. मी ती पाटी शेकडो वेळा वाचली असेल. मायकल्स वाचेपर्यंत ती मला सिगारेटच्या इशाऱ्यासारखीच वाटायची.

टीव्हीचं वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात आवरतो. 'नेबर्स' 1985 ला सुरू झालं; मेलबर्नच्या उपनगरातली एक गल्ली, सगळे एकमेकांच्या घरात. त्या गल्लीत भारतीय कुटुंब राहायला यायला सव्वीसेक वर्षं लागली. कपूर मंडळी आली तेव्हा काही प्रेक्षकांनी इंटरनेटवर जी गरळ ओकली ती वाचून माझ्या घरी त्या दिवशी कुणी टीव्ही लावला नाही. दोनेक वर्षांत ते कुटुंब गल्लीतून गेलंही. आता मुलं 'ब्लुई' बघतात. ब्रिस्बेनमध्ये बनणारी, 2018 ला एबीसीवर सुरू झालेली निळ्या कुत्र्यांच्या कुटुंबाची ही मालिका 2024 मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त मिनिटं पाहिली गेली, तीही ऑस्ट्रेलियन उच्चारांसकट. 'मॅड मॅक्स'च्या उसन्या आवाजांपासून हे अंतर मोठंच आहे. पण तिचे जगभरातल्या विक्रीचे हक्क बीबीसीच्या कंपनीकडे आहेत. देशाची सगळ्यात यशस्वी कलाकृती, आणि तिच्यावर इथे जे लिहिलं जातं ते बव्हंशी 'बाबाने कसं वागावं' या सदरातलं. त्या हिरव्यागार अंगणाचं घर आज ब्रिस्बेनमध्ये किती जणांना परवडतं, यावर मला अजून मनाजोगता लेख वाचायला मिळालेला नाही.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये संसदेने कायदा केला की दहा लाखांहून जास्त वर्गणीदार असलेल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी आपल्या ऑस्ट्रेलियातल्या खर्चाचा किमान दहावा हिस्सा स्थानिक निर्मितीवर घालावा. चांगलं झालं; व्हायला उशीरच झाला होता. म्हणजे आणखी पैसा येणार, आणखी मालिका येणार. त्या बघून 'ही कुणाची गोष्ट आहे, कुणाला सांगितलीय, कोण गाळलंय' हे विचारणाऱ्याची तरतूद त्या कायद्यात नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. सिनेमा-मालिकांवर जेवढा सरकारी पैसा जातो त्याच्या हजारातला एक हिस्सा लेखनासाठी बाजूला काढा. तो देणारी समिती सिनेमांना पैसे देणाऱ्या समितीपासून वेगळी ठेवा. जे लिहून होईल ते कुणालाही फुकट वाचता यावं. आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांत लिहिणाऱ्यांनाही दार उघडं असावं. या शहरात व्हिएतनामी, अरबी, पंजाबी, मराठी बोलणारे लोक ऑस्ट्रेलियन सिनेमा पाहतात आणि घरी जाऊन त्याच्यावर आपापल्या भाषेत भांडतात. 'रोम्पर स्टॉम्पर' पाहून फुट्सक्रेच्या व्हिएतनामी दुकानदाराला काय वाटलं होतं, हे स्ट्रॅटन आणि राइट या दोघांच्या भांडणात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

लोक आता मोबाइलवर तारे देतात, यूट्यूबवर बोलतात, मग वेगळी समीक्षा कशाला, असंही विचारतात. त्यातलं काही मला फार आवडतं. 'सेन्सेस ऑफ सिनेमा' हे नियतकालिकसुद्धा 1999 पासून इंटरनेटवरच निघतंय आणि मेलबर्नचंच आहे. बुधवारी सिनेमाथेकमध्ये जुना सिनेमा पाहायचा आणि घरी येऊन त्याच्यावरचं टिपण तिथे वाचायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. पण तारे देणारा गेल्या शुक्रवारच्या सिनेमावर बोलतो. 1971 च्या सिनेमासाठी कोण भांडणार?

'वेक इन फ्राइट' त्या वर्षी आला. ब्रोकन हिलच्या परिसरात चित्रित झालेला. एक शाळामास्तर एका खाणगावात अडकतो आणि तिथले लोक त्याला आग्रहाने, प्रेमाने, बियर पाजून पाजून माणसातून उठवतात. समीक्षकांनी वाखाणला, प्रेक्षक फिरकले नाहीत. असं सांगतात की एका खेळात एक माणूस उठून ओरडला, 'हे आपण नाही!', आणि सिनेमात काम केलेला जॅक थॉम्पसन मागून म्हणाला, 'बस खाली, आपणच आहोत.' पुढे त्याची निगेटिव्ह हरवली. संकलक अँथनी बकली वर्षानुवर्षं ती शोधत फिरले आणि अखेर या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका गोदामात ती सापडली. नष्ट करायच्या सामानात काढून ठेवलेली. 2009 मध्ये दुरुस्त होऊन सिनेमा पुन्हा कानला दाखवला गेला. बकलींची चिकाटी मोठीच. पण ज्या सिनेमाने घरी पैसे मिळवले नाहीत तो शोधण्यालायक आहे, हे मधल्या तीस वर्षांत कुणीतरी लिहीत राहिलं होतं.

काही डबे सापडतच नाहीत. 26 डिसेंबर 1906 ला मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये नेड केली या दरोडेखोराच्या टोळीवरचा 'द स्टोरी ऑफ द केली गँग' लागला. तासाभराहून मोठा, जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून युनेस्कोने 2007 मध्ये त्याची नोंद घेतली. दरोडेखोरांचं कौतुक होतं म्हणून पुढे अशा सिनेमांवर पोलिसांनी बंदी घातली. आज 'केली गँग'ची जेमतेम सतरा मिनिटं शिल्लक आहेत. मी ती पाहिली आहेत. फिल्मवर बुरशीसारखे डाग पसरलेत, आणि त्या डागांतून लोखंडी चिलखत घातलेला नेड केली बंदूक रोखून पोलिसांच्या दिशेने झोकांड्या खात येतो. त्याआधी काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, हे फिल्मवरून कळत नाही. ते कळतं थिएटरात विकायला छापलेल्या पुस्तिकेवरून आणि सिनेमा पाहून आलेल्या लोकांनी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत जे लिहिलं त्यावरून.